चौकाच्या कडेला बसलेला मुलगा

आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची धाकटी पाचवीत आहे. परवा संध्याकाळी ती तपकिरी कागद आणि पांढऱ्या रंगाची बाटली घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती, मी तिच्या आईशी बोलत उभी होते. शाळेतून लोककलेचं चित्र काढून आणायला सांगितलं होतं आणि ते दुसऱ्याच दिवशी द्यायचं होतं. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अगं, वारली काढून टाक ना. सगळ्यात सोपं. दोन त्रिकोण, वर एक गोल, झाला माणूस." पोरीनं काढलाही. एक माणूस, शेजारी दुसरा, मग तिसरा. बघता बघता कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या माणसांची रांग उभी राहिली, सगळ्यांचे हात वर. मग तिनं ब्रश पाण्यात टाकला, कागद लांब धरून पाहिला आणि मला विचारलं, "मावशी, पण हे लोक करतायत काय?" आई म्हणाली, "नाचतायत." पोरीला ते पटलं नव्हतं. मलाही पटलं नव्हतं. घरी आल्यावर, भांडी आवरताना, दिवा मालवल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना.

वारली आदिवासी चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रासमोर उभं राहिलं की हा प्रश्न पडतच नाही. तिथं रिकामं कोणी नसतं. एक जण ताडावर चढलेला असतो, त्याच्या कमरेला मडकं असतं. खाली दोघी उखळात भात कांडत असतात, एकीचं मुसळ वर गेलेलं, दुसरीचं खाली आलेलं. कोणी नांगराशी, कोणी विहिरीशी. कुत्रं कोणाच्या तरी मागे लागलेलं असतं. मुंग्यांची ओळ निघालेली असते आणि तिलाही कुठं जायचंय ते ठाऊक असतं. त्यांची मासेमारीची चित्रं पाहिली आहेत का? जवळजवळ सगळा कागद एका जाळ्यानं व्यापलेला. इतकी बारीक वीण की लांबून धुकं वाटावं, आणि जवळ जावं तर एकेक गाठ वेगळी. ते जाळं फुगतं, पाण्याबरोबर वळतं. ते काढताना हाताला किती तास लागले असतील याचा विचार करून माझेच खांदे भरून येतात. माणसं, पाखरं, जनावरं, किडामुंगी, सगळं रात्रंदिवस हलत असतं आणि जगणं म्हणजे ही हालचालच, अशा अर्थाचं ते म्हणत. त्यांच्या चित्रांबद्दल याहून नेमकं काही मला सांगता येणार नाही.

माझे वडील पालघर जिल्ह्यातल्या कासा गावाजवळच्या एका आश्रमशाळेत शिक्षक होते. आम्ही शाळेच्या आवारातल्या खोल्यांमध्ये राहायचो. एप्रिल-मे आला की आसपासच्या पाड्यांवर लग्नं लागायची आणि रात्रभर तारप्याचा आवाज वाऱ्यावर यायचा. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा लांब कर्णा, एवढ्यातून तो घोगरा, न तुटणारा सूर कसा निघतो याचं मला तेव्हा फार कुतूहल होतं. अशाच एका लग्नाला शेजारच्या पाड्यावरची एक काकू मला बरोबर घेऊन गेली. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि आत शिरल्यावर काही क्षण काहीच दिसेना. मग हळूहळू कारवीच्या कुडाची भिंत दिसायला लागली. शेणामातीनं सारवलेली, वरून गेरू दिलेला. ओल्या मातीचा, धुराचा आणि भिजलेल्या तांदळाचा वास एकमेकांत मिसळला होता. भिंतीशी तीनचार सवाशिणी बसल्या होत्या. करवंटीत तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं, हातात टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. चौक काढणं चाललं होतं, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं देवीचं चौकटीतलं चित्र.

त्या खोलीतली एक गोष्ट मी आजवर विसरले नाही. एकीनं घोड्याची पाठ आणि मान काढली आणि ती सरकून बसली. दुसरीनं काही न विचारता त्याच घोड्याचे पाय काढले. तिसरीनं आयाळ. पहिलीनं मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. घोडा कोणाचा, हे त्या खोलीत कोणाच्या मनातही नव्हतं. कडेला बसलेली धवलेरी, म्हणजे गाणी गाऊन लग्न लावणारी बाई, गात होती. तिचा आवाज पातळ होता, वयानं थरथरणारा, पण ती थांबत नव्हती, आणि तिच्या गाण्याच्या चालीवर त्या बायकांचे हात चालले होते. चौकटीच्या मधोमध पालघट ही आईदेवी उभी राहिली. भोवती चंद्र, सूर्य, फणी, शिडी, झाडं. बाजूच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव. हा चौक झाल्याशिवाय लग्न पुढं सरकत नाही. भटजी नाही, सनईवाला नाही, आधी या बायका. माझी आजी चैत्रात अंगणात चैत्रांगण काढायची, त्यातही चंद्र-सूर्य, फणी, पाळणा असायचं, त्यामुळे मला तिथं परकं असं काही वाटलं नाही. फरक इतकाच होता की आजी एकटीच ओणवी होऊन काढायची आणि कोणी गात नसे.

जिव्या म्हसे यांचं बालपण वाचलं तेव्हा मला ती खोली आठवली.

ते जन्मले १९३४ साली, तलासरी तालुक्यातल्या धामणगावात. सात वर्षांचे असताना आई गेली. त्या धक्क्यानं मुलाची वाचा बसली. बोलणं बंद झालं आणि सांगायचं असेल ते तो धुळीत बोटानं चित्र काढून सांगायला लागला. पुढं अकराव्या वर्षी तो डहाणू तालुक्यात, गंजाडच्या कळंबीपाड्यावर आला आणि तिथलाच झाला. इतकं सगळीकडे छापून आलेलं आहे. मी त्यात माझ्या कल्पनेनं एवढंच भरते की, अशा एखाद्या लग्नाच्या खोलीत तो बायकांच्या कडेला बसला असेल. चौक काढण्याचं काम सवाशिणींचं, पुरुषांचं नव्हे, मुलग्यांचं तर नाहीच. पण आई नसलेल्या, न बोलणाऱ्या पोराला कोण उठवणार? भिंतीवर बायका मिळून एका आईला उभी करताहेत, एक म्हातारी गातेय आणि कोणीही त्याला बोल म्हणून आग्रह करत नाहीये. त्या पोराला जगात याहून सुरक्षित जागा सापडली असती असं मला वाटत नाही. निदान माझ्या मनात तरी त्यांच्या चित्रांचा उगम तिथं आहे.

सुरक्षित म्हणताना मात्र अडखळायला होतं, कारण बाहेर काय चाललं होतं तेही माहीत आहे. जिव्या अकरा वर्षांचे होते ते साल १९४५. त्याच वर्षी मे महिन्यात, तलासरीच्याच टापूत, झरीला हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असं म्हणाले. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे साथीदार मारले गेले. हा इतिहास या भागातल्या लोकांना तोंडपाठ आहे, त्यातली एकच गोष्ट इथं सांगायला हवी. सावकार-जमीनदाराकडून लग्नासाठी शंभर-दोनशे रुपये काढले की नवरानवरी दोघंही त्याच्या दारी राबायला बांधली जायची. कित्येकदा जन्मभर. त्यांना लग्नगडी म्हणत. म्हणजे ज्या लग्नासाठी पालघट भिंतीवर यायची, त्याच लग्नानं माणूस गुलाम व्हायचा. घोड्यावर बसलेली ती दोन नाजूक माणसं, बाशिंगं बांधलेली, ती चौकातून उतरून थेट कोणाच्या तरी खळ्यावर जायची. तरी दरवर्षी बायकांनी चौक काढले. घरात दाणा नसताना तांदळाचं पीठ भिंतीला लावलं. सोपी कला म्हणे.

जिव्या म्हसे यांच्या चित्रांत मी जमीनदार शोधला आहे. मला तो दिसलेला नाही. त्याची जागा चित्रात कुठंच नाही. रान आहे, भात आहे, जाळं आहे, वारूळ आहे, नाच आहे. ज्या माणसानं लहानपणी भूक आणि मजुरी पाहिली त्यानं पुढची पन्नास वर्षं भाताच्या लोंब्या, खळ्यावरच्या दाण्यांच्या राशी ठिपक्या-ठिपक्यांनी भरून काढल्या, याकडे मी फार वेळ बघत बसते. काही अभ्यासक त्याला निरागस जग वगैरे म्हणतात. मला ते पटत नाही. इतके दाणे एकेक करून मोजणारा माणूस निरागस नसतो, त्याला दाण्याची किंमत माहीत असते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात आले. विणकर सेवा केंद्रातले चित्रकार. त्याआधी बिहारच्या दुष्काळात पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून ते मधुबनीला गेले होते आणि तिथल्या बायकांच्या हातात त्यांनी कागद दिला होता. इथंही ते कागद आणि रंग घेऊन पाड्यांवर हिंडले. कुलकर्ण्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पाड्यावर जाऊन राहणं, लोकांचं खाणं खाणं, हे त्या काळी शहरातल्या कलावंताला सुचणंही अवघड होतं. त्यांना जिव्या भेटले. हा तरुण शेतमजूर लग्नाची, नवसाची वाट न पाहता रोज चित्रं काढत होता. बायकांची रेषा त्यानं आपलीशी केली होती आणि तिला चौकाबाहेर सोडलं होतं. १९७५ साली मुंबईत जहांगीरच्या इमारतीतल्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी चित्रं फ्रान्सला गेली. १९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरमधल्या मोठ्या प्रदर्शनात जगभरातल्या कलावंतांबरोबर ती लागली. २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग आणि जिव्या म्हसे यांची कामं शेजारीशेजारी मांडली गेली. पुढं शिल्पगुरू, प्रिन्स क्लॉस पुरस्कार, २०११ साली पद्मश्री.

आणि ते कळंबीपाड्यावरच राहिले.

हे वाक्य लिहायला सोपं आहे, जगायला किती जड गेलं असेल कोण जाणे. ज्यांची चित्रं परदेशी संग्रहालयांत लागत होती त्यांना कबूल झालेला जमिनीचा तुकडा हाती यायला तीस वर्षांहून जास्त वाट पाहावी लागली. चीड यावी अशीच ही गोष्ट आहे, आणि ती मला येते. पण पाड्यावर राहण्याला त्यांनी कधी त्याग म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. शेत तिथं, घर तिथं. कापडाला शेणाचा हात द्यायचा, उन्हात वाळवायचं, मांडी घालून बसायचं, की काम सुरू. कागद-कापडावर तांदळाचं पीठ टिकत नाही म्हणून नंतर पांढरा रंग आला, पण बूड शेणाचं आणि मातीचं. शेजारी मुलं बसायची. सदाशिव आणि बाळू, दोघंही याच अंगणात तयार झाले, आज दोघंही नावाजलेले चित्रकार आहेत, आणि नातवंडांच्या हातातही ब्रश आहे. बाप काढतोय ते बघत बघत शिकणं, हीच तिथली शाळा. मोठ्या चित्राच्या एका कोपऱ्यात मुलानं झाडाची पानं भरायची, दुसऱ्यानं शेतातले ठिपके. मला पुन्हा तो घोडा आठवतो, एकीनं पाठ काढलेला आणि दुसरीनं पाय.

गंजाड आणि आसपासच्या पाड्यांवर आज शेकडो हात हे काम करतात. उशांची खोळ, साडीचा पदर, चहाचे कप, हॉटेलांच्या भिंती, रेल्वे स्टेशनं, सगळीकडे वारली आहे. यातलं बरंचसं काम वारल्यांच्या हातचं नाही. कुठल्यातरी कारखान्यात छापाखालून निघालेलं आहे, आणि त्यातली माणसं शेजारच्या पोरीच्या चित्रातल्यासारखी हात वर करून नुसती उभी असतात. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण छापील कापडाला ते कोण विचारायला जातो? हे बघून वाईट वाटतं. आणि तरीही मी पूर्ण एका बाजूची होऊ शकत नाही. रेतीच्या बोटीवर किंवा वीटभट्टीवर जाण्याऐवजी गावात बसून दोन पैसे मिळवणारी तरुण मुलं मी पाहिली आहेत. कपांवर तारपा नाच रंगवणारा एक मुलगा मला म्हणाला होता, "ताई, भट्टीवर गेलो तर चार महिने घर सुटतं. हे केलं तर आईच्या हातचं जेवतो." त्याला मी काय सांगणार होते, की कप रंगवू नकोस? जिव्या म्हसे यांनी ही विद्या कुलूपबंद ठेवली असती तर ते वेगळे चित्रकार झाले असते, कदाचित जास्त श्रीमंतही. त्यांनी जो येईल त्याला दाखवलं. ज्या कलेत घोडा कोणाचा हे विचारत नाहीत, त्या कलेतून आलेला माणूस आणखी काय करणार?

एक गोष्ट मात्र खुपते, आणि ती त्यांच्यावर मनापासून प्रेम करूनही खुपते. कागद आला, पैसा आला, तशा बायका मागे सरल्या. प्रदर्शनाला जायचं, दिल्लीची गाडी पकडायची, परदेशी माणसाशी बोलायचं, पावतीवर सही करायची, हे सगळं पुरुषांकडे गेलं. आज वारली चित्रकार म्हटलं की बहुतेक पुरुषांचीच नावं पुढं येतात. १५ मे २०१८ रोजी जिव्या म्हसे गेले, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ऐन लग्नसराईत. बातम्यांत बहुतेक ठिकाणी त्यांना वारली चित्रकलेचे जनक म्हटलं होतं. मान देण्यासाठीच म्हटलं, त्यामागच्या भावनेला माझी हरकत नाही. पण ते वाचून मला करमेना. ते या कलेचे सर्वांत मोठे पुत्र होते. बायकांनी कित्येक पिढ्या भिंतींवर जे काढलं आणि पुढच्या सारवणाखाली जाऊ दिलं, ते त्या न बोलणाऱ्या मुलानं डोळ्यांनी पिऊन घेतलं आणि त्याला आपला श्वास दिला. त्यांच्या माणसांच्या कमरेत, त्या दोन त्रिकोणांच्या जोडाशी, जे लवलवतं ते कुठल्याही छापात येत नाही. ते त्यांचं एकट्याचं आहे. त्रिकोण मात्र त्या बायकांचे आहेत.

मागच्या उन्हाळ्यात त्या भागात पुन्हा जाणं झालं. चारोटीपासून आत वळलं की रस्ता ओळखू येत नाही इतकं बदललं आहे. द्रुतगती मार्गाची आणि बुलेट ट्रेनची कामं, ट्रकांची धूळ, चिकूच्या वाड्यांना लागून उभी राहिलेली गोदामं. किनाऱ्याकडे वाढवण बंदराची चर्चा घराघरात. कुडाची घरं कमी झाली, घरकुलाची सिमेंटची आली, आणि ती येणं गरजेचंही होतं. पावसाळ्यात गळणाऱ्या कुडात ज्यांनी रात्री काढल्या त्यांना मातीच्या भिंतीचं कौतुक आपण शहरातून जाऊन सांगू नये. सिमेंटवर गेरू नीट धरत नाही, म्हणून एका घरी चौकासाठी भिंतीचा एक तुकडा मुद्दाम मातीनं लिंपून घेतलेला पाहिला. घरातल्या मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं. चौक अजून ताजा होता, पालघटीच्या कडेच्या साखळ्या एका ठिकाणी थोड्या वाकड्या झाल्या होत्या. कोणी काढला, असं विचारल्यावर घरातली सून हसली आणि तिनं चार-पाच बायकांची नावं भराभर घेतली, काही शेजारच्या, काही माहेरच्या. मग म्हणाली, "गाणारी मात्र लांबून आणावी लागली. आमच्या पाड्यातली आता उरली नाही."

पाड्यापाड्यांवर चित्र काढणारे हात खूप आहेत, गाणारी धवलेरी शोधावी लागते. तिची गाणी तिच्या तोंडी आहेत, एकीनं दुसरीला ऐकवत आलेली. कोणती रेघ कधी काढायची, देवीला केव्हा बोलवायचं, सगळं त्या गाण्यांत आहे. चित्रं आता संग्रहालयांत जपली जातील, जिव्या म्हसे यांची तर नक्कीच. गाण्यांसाठी मात्र कोणी तरी जाऊन त्या म्हाताऱ्या बायकांपाशी बसायला हवं, त्यांच्याच बोलीत, घाई न करता, आणि गाण्याखाली त्यांचं नाव लिहायला हवं. माझ्या ओळखीच्या, त्या भागात शिकवणाऱ्या दोघी शिक्षिकांशी मी हे बोलले आहे. दोघीही वारली आहेत, एकीची आजी धवलेरी होती. येत्या लग्नसराईत त्या सुरुवात करणार आहेत, आणि रेकॉर्डिंगचं सामान माझ्याकडून जाणार आहे.